बॅटरीच्या गाडीला सौर पॅनेल

गोल्फच्या मैदानावरची बॅटरीची गाडी आता कृषी पर्यटन केंद्रांवरही दिसते. शेतकरी बंधूंनो, टपावर एक पॅनेल बसवले की भागले, असे समजू नका. ४८ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांचा लेड-अ‍ॅसिड संच म्हणजे सुमारे ७ युनिट वीज. निम्मी वापरली तरी ३.५ युनिट भरून काढावी लागते; ३०० वॅटचे पॅनेल स्वच्छ उन्हातही दिवसाला जेमतेम सव्वा युनिट देते. अशी तूट रोज राहिली की प्लेटांवर सल्फेट कडक होते आणि महागडा संच अकाली निकामी होतो. त्यासाठी शेडवर किमान सव्वा किलोवॅटची पॅनेल व ४८ व्होल्टचा चार्ज कंट्रोलर बसवावा. खरी अडचण वेगळीच! ऊन असते तेव्हाच पाहुणे फिरतात. फेऱ्या सकाळ-संध्याकाळ ठेवून १० ते ४ गाडी शेडमध्ये जोडून ठेवावी. चार्जिंग होताना हायड्रोजन वायू निघतो, म्हणून शेड हवेशीर असावी व तेथे बिडी ओढू नये.