हरलेला डाव आणि तिसरी सुई

वॉर्डात काम करत होतो तेव्हा आम्हाला पहिल्याच वर्षी एक नियम शिकवला होता. सलाईनसाठी शीर शोधताना दोनदा सुई चुकली, की तिसऱ्यांदा आपण टोचायचं नाही. ट्रे बाजूला ठेवायचा आणि दुसऱ्या सिस्टरला हाक मारायची. तिचा हात आपल्यापेक्षा चांगला असतोच असं नाही. पण आपला तापलेला असतो. पेशंट कळवळलेला, नातेवाईक डोळे लावून बसलेले, आणि 'आता लावूनच दाखवते' असं एकदा मनात आलं की तिसरी सुईही चुकते.

हे आठवलं ते वस्तीतल्या एका मुलामुळं. वय तेवीस, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. त्याची आई आमच्याकडं आली ती टॉनिक मागायला. "रात्रभर जागतोय सिस्टर, जेवणाकडं बघत न्हाई, काहीतरी ताकदीचं लिहून द्या." टॉनिकनं काय होणार! पंधरा दिवसांनी कळलं, बचतगटातून तिनं उचललेले वीस हजार मोबाईलवरच्या पत्त्यांत गेले होते. पोरगा मान खाली घालून एवढंच बोलला, "पहिल्यांदा चारच हजार गेलते. ते काढायला बसलो आणि बाकीचे गेले."

त्याचं हे एक वाक्य आमच्या दृष्टीनं सगळा आजार सांगून जातं. चार हजार खेळात गेले. सोळा हजार रागात गेले.

तो खेळायचा ते पोकर. आपल्या तीन पत्तीच्या जवळचा खेळ आहे, झाकलेली दोन पानं हातात, पाच पानं मध्ये, आणि बोली वाढवत न्यायची. या खेळातले लोक डोकं फिरल्याच्या अवस्थेला 'टिल्ट' म्हणतात. शब्द आला पिनबॉलच्या यंत्रावरून. हरणारा चिडून यंत्रच हलवायला लागला, की त्यावर 'टिल्ट' अशी अक्षरं पेटायची आणि तो डाव तिथंच बंद व्हायचा. म्हणजे ते यंत्र निदान माणसाला थांबवत तरी होतं. मोबाईल थांबवत नाही. पैसे संपले की लगेच भरायचं बटण समोर येतं, वर बोनसचं आमिष.

टिल्टमध्ये शरीरात काय होतं? भांडणात होतं तेच. छाती धडधडते, कान गरम होतात, जबडा आवळतो, अंगठा भराभर चालतो. शरीर मारामारीच्या तयारीत गेलं, की पुढचा-मागचा हिशेब करणारा कपाळामागचा मेंदू मागं पडतो. त्यात दुसऱ्या पाळीवरून मध्यरात्री घरी आलेला, अर्धपोटी, झोप नसलेला माणूस असला तर बोलायलाच नको. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या दोन संशोधकांनी १९७९ मध्ये मांडलं होतं, की हजार मिळाल्याच्या आनंदापेक्षा हजार गेल्याचं दुःख माणसाला मोठं वाटतं, आणि ते नुकसान टाळायला माणूस एरवी घेणार नाही असा धोका घेतो. वीस रुपयांच्या भाजीसाठी घासाघीस करणारा आपला माणूस रात्री एका डावावर दोन हजार लावतो, तो यामुळं. तो मूर्ख नसतो.

आता पोरं आम्हाला सांगतात, "मावशी, चुकांतनंच शिकतोय की. हळूहळू जमतंय." इथं थोडं थांबून समजून घ्या, कारण इथंच फसगत आहे. फाउंड्रीत वाळूत ओल जास्त राहिली की कास्टिंगला भोकं पडतात. चूक केली, भोक दिसलं, उद्या वाळू नीट घेतली. काम असं शिकवतं. पत्ते असं शिकवत नाहीत. पोकरमध्ये तुमच्या हातात दोन एक्के आणि समोरच्याकडं दोन राजे असले, आणि दोघांनी सगळे पैसे लावले, तरी १०० पैकी सुमारे १८ वेळा तुम्ही हरता. तुमची काहीच चूक नसते. उलट अगदी गाढवपणानं लावलेला डावही कधीकधी निघतो. बरोबर केलं तरी मार, चुकीचं केलं तरी बक्षीस! अशा मास्तरापुढं पोरगा काय शिकणार? पानाचा गुण कळायला हजारो डावांची नोंद आणि थंड डोकं लागतं, आणि टिल्टमध्ये नेमकं तेच नसतं. शिवाय प्रत्येक मोठ्या डावातून ॲपवाला आपला वाटा काढून घेतो. टेबलावरचे सगळे सारखेच हुशार असले, तरी टेबलावरचे एकूण पैसे घटतच जातात.

'चार वेळा हरलो, आता माझी बारी' हाही असाच भ्रम. नाण्याला मागच्या फेकीची आठवण नसते. १९१३ साली मोंटे कार्लोच्या जुगारघरात गोल चाकावर ओळीनं २६ वेळा काळा रंग आला. आता तरी लाल येणारच म्हणून लोक लाखो लावत गेले आणि धुपले.

जुनी माणसं म्हणतील, मटका काय कमी होता का? नव्हता. मटक्यानं बसवलेली घरं आम्हीही बघितलीत. पण मटक्यात ओपन आणि क्लोज यांच्यामध्ये काही तास जायचे. तेवढ्या वेळात राग उतरायचा, बायको खिसा तपासायची, मुकादम कामाला लावायचा. मोबाईलवर एक डाव संपून दुसरा सुरू व्हायला मिनिटसुद्धा लागत नाही. राग उतरायला जागाच ठेवलेली नाही.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी सिगालाला जुगाराचे सहा तोटे सांगितलेत. जिंकणाऱ्याशी वैर धरलं जातं, हा पहिला. हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, हा दुसरा. आम्हाला नर्स म्हणून हा दुसरा फार महत्त्वाचा वाटतो. माणूस पुढच्या डावाला बसतो तो लोभानं कमी आणि या झुरण्यानं जास्त.

गेलेलं काढायला पुन्हा पुन्हा बसणं ही जुगाराच्या आजाराची एक ठळक खूण आहे. डॉक्टर आणखी काही खुणा बघतात. खोटं बोलणं, रक्कम वाढवत जाणं, बंद करायचं ठरवून न जमणं, मन उदास असलं की खेळायला बसणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याची नोंद आहे. हा मेंदूचाही आजार आहे याचा एक पुरावा आम्हाला विलक्षण वाटतो. कंपवातावर देतात त्यातल्या काही गोळ्या, उदाहरणार्थ प्रामिपेक्सोल, सुरू झाल्यावर आयुष्यात पत्ता न शिवलेली काही माणसं जुगार खेळू लागतात. गोळी कमी केली की बऱ्याच जणांचा नाद सुटतो. घरातल्या कुणा म्हाताऱ्याचं असं झालं असेल, तर गोळी आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

कायद्याचंही थोडक्यात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा, पैसे लावून ऑनलाइन खेळवायला मनाई. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ बंद केले, पण परदेशातली ॲप आणि लिंका अजून पोरांपर्यंत पोचतात. महत्त्वाचं म्हणजे या कायद्यात नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. तेव्हा पोलीस धरतील या भीतीनं पोराला दवाखान्यापासून लपवू नका.

घरच्यांनी काय करायचं? तो रात्री खेळत असताना त्याच्यावर ओरडू नका. तापलेलं डोकं ओरडण्यानं आणखी तापतं. सकाळी, जेवण झाल्यावर बोला. त्याचं कर्ज फेडायचं ठरलं तर पैसे त्याच्या हातात देऊ नका, ज्याचे त्याला द्या. पगाराच्या दिवशी कुणीतरी सोबत असा. कर्जाच्या ॲपवाले फोटो पसरवायची धमकी देत असतील तर आणखी पैसे भरू नका, १९३० वर फोन करा आणि सायबर पोलिसांत तक्रार द्या. सीपीआरमध्ये मानसोपचार विभाग आहे. समुपदेशन होतं, गरज पडली तर औषधही मिळतं. दारूही असेल तर दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सांगा. आणि 'मी नसलेलाच बरा' असं काही तो बोलला, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका, टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

त्या मुलाला आम्ही आधी बँकेत नेऊन पासबुक भरून आणायला लावलं. त्याच्या अंदाजानं पंचवीसेक हजार गेले होते. बेरीज त्रेसष्ट हजारांची निघाली. जिंकलेलं सगळं लक्षात, हरलेलं अर्धं विसरलेलं. मग एक शंभर पानी वही दिली. ज्या ज्या दिवशी मोठी रक्कम गेली, त्या दिवसापुढं एवढंच लिही म्हटलं, किती वाजले होते, जेवला होतास का, आधी काय झालं होतं. पत्त्यांचं काही लिहायचं नाही. तो आधी हसला. चार दिवसांनी वही घेऊन आला. बहुतेक ओळींत वेळ रात्री बारानंतरची. जेवण नाही. तीन ठिकाणी 'सुपरवायझर बोलला'. एका ठिकाणी 'लग्नाला नकार आला'.

आता रात्री फोन आईच्या उशाखाली असतो. पहिल्या पाळीला उठायला त्यानं गजराचं घड्याळ आणलंय. मध्ये एकदा मित्राच्या फोनवर पाचशे घालवून आला, तेही त्यानं स्वतः वहीत लिहिलं. वेळ रात्रीचे साडेबारा.