स्पीकरची वायर महाग, म्हणून आवाज चांगला?

ॲम्प्लिफायर आणि स्पीकरचा सौदा ठरला की वायरीचा प्रश्न निघतो. एकीकडे मीटरवर मिळणारी साधी वायर, दुसरीकडे सोनेरी टोकांची, हजारो रुपयांची केबल. वायरीने आवाजात फरक पडू शकतो, पण तो ठरतो जाडी, लांबी आणि धातूवर. किमतीवर नाही.

गैरसमज : कोणतीही वायर चालते.
वस्तुस्थिती : फार बारीक वायर चालत नाही. ॲम्प्लिफायरपासून 10 मीटरवरच्या स्पीकरला 0.5 एमएमची (म्हणजे 0.5 चौरस मिलिमीटर छेदाची) वायर जोडली, तर जाण्यायेण्याचा मिळून रोध सुमारे 0.7 ओहम होतो. 4 ओहमच्या स्पीकरवर त्यात जवळजवळ दीड डेसिबल आवाज घटतो. शिवाय स्पीकरचा रोध प्रत्येक स्वराला वेगळा असतो, म्हणून घटही सगळीकडे सारखी होत नाही आणि आवाजाचा पोत बदलतो. तेवढ्याच अंतराला 2.5 एमएमची तांब्याची वायर वापरली, तर घट 0.3 डेसिबलच्या आसपास राहते. वायरीचा एकूण रोध स्पीकरच्या रोधाच्या 5 टक्क्यांच्या आत ठेवावा, हा सोपा नियम.

गैरसमज : जाडी पुरेशी असली, तरी महाग केबलमध्ये बारकावे जास्त ऐकू येतात.
वस्तुस्थिती : अमेरिकेतील ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने 1983 मध्ये श्रोत्यांना कोणती वायर जोडली आहे हे न सांगता चाचणी घेतली. 24 गेजची अतिबारीक वायर काही वेळा ओळखता आली, कारण तिच्यातून आवाज कमी येत होता. आवाजाची पातळी समान केल्यावर 16 गेजची साधी वायर आणि नामांकित केबल यांतला फरक संगीत ऐकताना ओळखता आला नाही. दुकानातल्या तुलनेत पातळी समान केलेली नसते, आणि किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच ‘चांगला’ वाटतो.

गैरसमज : ऑक्सिजनमुक्त तांबे किंवा चांदी हवीच.
वस्तुस्थिती : ऑक्सिजनमुक्त तांब्याची वाहकता साध्या विद्युत तांब्यापेक्षा जेमतेम 1 टक्का जास्त असते, चांदीची सुमारे 6 टक्के. तांब्याची वायर तेवढी अधिक जाड घेतली की हिशेब बरोबर होतो. खरी फसवणूक वेगळीच आहे. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तांब्याची म्हणून खपवली जाते आणि तिचा रोध सुमारे दीडपट असतो. ती हाताला हलकी लागते. तार ब्लेडने खरवडली की आतून पांढरी दिसते.

गैरसमज : दोन्ही स्पीकरच्या वायरी अगदी सारख्या लांबीच्या हव्यात.
वस्तुस्थिती : 3 मीटरचा फरक पार करायला विद्युत संकेताला सुमारे 15 नॅनोसेकंद लागतात. तेवढ्या वेळात ध्वनी हवेत 0.005 मिलिमीटर सरकतो. कानाला हे कळणे शक्य नाही.

गैरसमज : वायरीवरच्या बाणाच्या दिशेनेच जोडावे.
वस्तुस्थिती : स्पीकरकडे जाणारा संकेत प्रत्यावर्ती असतो, म्हणजे सतत दिशा बदलतो. तांब्याला दिशा नसते. मात्र प्लस-मायनस जपा. एका स्पीकरचे उलटे जोडले गेले, तर खर्जाचा आवाज विरतो.

घरातल्या नेहमीच्या अंतरांसाठी 1.5 किंवा 2.5 एमएमची, शुद्ध तांब्याची, अनेक तारांची वायर घ्या आणि टोके घट्ट बसवा. उरलेले पैसे चांगल्या स्पीकरवर आणि खोलीतले पडदे, गालिचा यांवर खर्च करा. तिथला फरक नक्की ऐकू येईल.