समलिंगी विवाह: पटवण्याच्या युक्त्या आणि वस्तुस्थिती

उमरग्याच्या एसटी स्टँडवर असो की कळंबच्या पारावर, समलिंगी विवाहाचा विषय निघाला की दोन्ही बाजूंचे लोक ‘कोर्टानंच सांगितलंय’ म्हणतात. कोर्टानं नेमकं काय सांगितलं, ते पाहू.

गैरसमज: हे शहरातल्या श्रीमंतांचं खूळ आहे.

वस्तुस्थिती: हा युक्तिवाद नव्हे, शिक्का आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं सर्वोच्च न्यायालयात ही मागणी शहरी उच्चभ्रूंची ठरवली होती. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात ते खोडून काढलं आणि दाखला दिला तो शेतात राबणाऱ्या बाईचा. शेतीवर जगणाऱ्या धाराशिव जिल्ह्यासाठी हा दाखला परका नाही. माणूस गावात गप्प आहे, म्हणून तो गावात नाहीच असं होत नाही.

गैरसमज: समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ गेलं, म्हणजे लग्नही कायदेशीर झालं.

वस्तुस्थिती: ही समर्थकांची घाई. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानं प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध गुन्हा राहिले नाहीत, इतकंच. अशा लग्नाची नोंदणी आजही होत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाचही न्यायाधीशांनी लग्न हा मूलभूत हक्क नसल्याचं म्हटलं आणि कायदा करणं संसदेवर सोडलं.

गैरसमज: म्हणजे कोर्टानं ही नातीच नाकारली.

वस्तुस्थिती: अर्धा निकाल सांगणं हीही युक्तीच. सोबत राहण्याचं स्वातंत्र्य कायम आहे. स्त्री-पुरुष नात्यातल्या ट्रान्सजेंडर व्यक्ती सध्याच्या कायद्यानं लग्न करू शकतात, यावर पाचही न्यायाधीशांचं एकमत होतं. समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आडकाठी नाही, असं केंद्रानं ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं.

गैरसमज: अशा घरात मूल बिघडतं.

वस्तुस्थिती: भीती घालणं सोपं, पुरावा देणं अवघड. विरोधक अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क रेग्नेरस यांचा २०१२ चा अभ्यास पुढे करतात. पण त्यात टिकलेल्या संसारांची तुलना बहुतांशी मोडलेल्या संसारांशी झाली होती. मुलाची वाढ पालकांच्या लिंगावर नव्हे, तर घरातल्या माया आणि स्थैर्यावर अवलंबून असते, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्ये सांगितलं. सुरुवातीच्या अभ्यासांत कुटुंबं थोडी होती, हे समर्थकांनीही लपवू नये.

आपल्याकडे एकटी व्यक्ती मूल दत्तक घेऊ शकते, समलिंगी जोडपं मिळून नाही. त्यामुळे घरात दोघं सांभाळत असले तरी कागदावर पालक एकच. तो दगावला, तर दुसऱ्याचा त्या मुलावर आपोआप कायदेशीर हक्क येत नाही आणि मुलाचाही त्याच्यावर येत नाही. मुलाच्या भल्यासाठी बोलतो म्हणणाऱ्यानं आधी या मुलाला उत्तर द्यावं.