जन्माआधी आणि जन्मानंतर

एप्रिल १९८२ मधील गोष्ट. अमेरिकेतील इंडियाना राज्यात ब्लूमिंग्टन येथे एक मूल जन्माला आले. त्याला डाऊन सिंड्रोम होता, शिवाय त्याची अन्ननलिका पोटाशी जोडलेली नव्हती. तोंडाने दूध पाजणे शक्य नव्हते. हा दोष शस्त्रक्रियेने दूर करता येतो. पण प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया न करण्याचाही मार्ग सांगितला आणि आईवडिलांनी तोच निवडला. इतर डॉक्टरांचे मत वेगळे होते. प्रकरण कोर्टात गेले, कोर्टाने निर्णय आईवडिलांवर सोपवला. काही कुटुंबे बाळ दत्तक घ्यायला तयार होती. वकील वरच्या कोर्टाकडे धावपळ करत असतानाच, सहा दिवसांचे ते बाळ दगावले. त्याचे नाव जाहीर झाले नाही. कागदोपत्री ते ‘बेबी डो’ राहिले.

त्या वेळी अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे सर्वोच्च आरोग्य अधिकारी, होते डॉ. सी. एव्हरेट कूप. ते फिलाडेल्फियाचे नामांकित बालशल्यविशारद. जन्मतः व्यंग असलेल्या असंख्य अर्भकांवर, अगदी याच अन्ननलिकेच्या दोषावरही, त्यांनी शस्त्रक्रिया केल्या होत्या. ते इव्हँजेलिकल ख्रिस्ती होते. बायबलला अंतिम प्रमाण मानणारा आणि वैयक्तिक श्रद्धेवर भर देणारा हा प्रोटेस्टंट प्रवाह आहे. बेबी डोच्या मृत्यूने कूप अस्वस्थ झाले. मुलाला मतिमंदत्व येईल एवढ्याच कारणाने उपचार नाकारले गेले, असे त्यांना वाटले. पुढे सरकारने काढलेले नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली रद्द केले. मात्र १९८४ साली संसदेने बाल अत्याचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करून अशा अर्भकांना उपचाराविना सोडण्यास बऱ्याच अंशी आळा घातला होता.

आज गर्भपातविरोध म्हटले की इव्हँजेलिकल समाज डोळ्यांसमोर येतो. पण हे नेहमी असे नव्हते. या प्रवाहातील सर्वांत मोठ्या संघटनेने, सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शनने, १९७१ साली एक ठराव केला होता. बलात्कार, गर्भातील गंभीर व्यंग किंवा आईच्या शारीरिक-मानसिक आरोग्याला धोका अशा परिस्थितीत गर्भपाताला परवानगी देणारे कायदे व्हावेत, असे त्यात म्हटले होते. १९७३ साली ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला, तेव्हाही विरोधात मुख्यतः कॅथलिक होते.

चित्र बदलले ते त्या दशकाच्या अखेरीस. १९७९ साली कूप आणि विचारवंत फ्रान्सिस शेफर यांनी मिळून एक पुस्तक आणि चित्रपटमाला काढली, चर्चमधून ती दाखवली. त्यांचा युक्तिवाद असा होता: आज गर्भातील जीव नकोसा म्हणून दूर केला, तर उद्या व्यंग असलेले अर्भक आणि परवा अंथरुणाला खिळलेला म्हातारा नकोसा ठरेल. याला राजकारणाचीही जोड मिळाली. सदर्न बाप्टिस्टांनी २००३ साली आपल्या जुन्या ठरावांबद्दल खेद व्यक्त केला. २०२२ साली ‘रो’चा निकालही रद्द झाला.

या समाजात दिव्यांगांच्या बाजूने बोलणारा एक मोठा आवाज आहे जोनी एरेक्सन टाडा यांचा. १९६७ साली, सतरा वर्षांच्या असताना, पाण्यात सूर मारताना मान मोडली आणि खांद्याखालचे शरीर लुळे पडले. सुरुवातीला त्यांना मरण हवे होते, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे त्या तोंडात ब्रश धरून चित्रे काढू लागल्या. १९७९ साली दिव्यांगांसाठी संस्था उभारली. ही संस्था जुन्या व्हीलचेअर दुरुस्त करून गरीब देशांत पोहोचवते. दिव्यांगविषयक राष्ट्रीय परिषदेवरही त्यांनी काम केले. तिथूनच १९९० च्या अमेरिकन दिव्यांग हक्क कायद्याची कल्पना पुढे आली होती.

तरीही एक प्रश्न त्या समाजाला आतूनच विचारला गेला. इव्हँजेलिकल लेखक रोनाल्ड सायडर यांनी १९८७ सालच्या पुस्तकात म्हटले, की जीवनाचा कैवार घ्यायचा तर तो गर्भापुरता नको. गरिबी, युद्ध, उपासमार यांतही घ्या. गर्भ वाचवायचा आणि जन्मलेल्या मुलाच्या आईला एकटे सोडायचे, ही टीका आजही होते.

वाचकहो, आपल्याला हा प्रश्न परका नाही. दारिद्र्याच्या भीतीने मुलांना मारू नका, अशी ताकीद कुरआनात आहे. चार महिन्यांनंतर, आईच्या जिवाला धोका असल्याखेरीज, गर्भपात वैध नाही यावर उलेमांचे साधारण एकमत आहे. त्याआधीच्या काळाबाबत मतभेद आहेत. १९९० साली मक्केतील फिकह परिषदेने, उपचार होऊ न शकणारे गंभीर व्यंग तज्ज्ञ डॉक्टरांनी सिद्ध केल्यास, १२० दिवसांच्या आत परवानगी दिली. भारतातही २०२१ च्या दुरुस्तीनुसार गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या मताने २४ आठवड्यांनंतर गर्भपात करता येतो. म्हणजे सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या जोडप्याला कायदा आणि शरीअत दोन्ही समजून घ्यावे लागतात. अशा वेळी डॉक्टरांबरोबरच जाणत्या आलिमांकडेही जायला हवे.

पण मूल जन्माला आल्यावर काय? हजरत अब्दुल्लाह बिन उम्मे मक्तूम (रजि.) अंध होते. त्यांच्या निमित्ताने सूरह अबसच्या आयती उतरल्या. ते अजान देत, आणि प्रेषित (स.) मदीनेबाहेर जाताना शहराची जबाबदारी त्यांच्यावर सोपवत. आपल्या किती मशिदींत व्हीलचेअर आत जाते? लग्नकार्यात मतिमंद मुलाला खोलीत बसवून ठेवणारी घरे किती आहेत? त्याच्या अम्मीला एक दुपार मोकळी मिळावी म्हणून कोणती खाला, कोणती चाची पुढे येते?

डॉ. कूप यांची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यांना गर्भपाताचे स्त्रियांच्या आरोग्यावर होणारे परिणाम तपासायला सांगितले. अहवाल आपल्या बाजूने येईल अशी गर्भपातविरोधकांची अपेक्षा होती. कूप स्वतः कट्टर विरोधक. पण जानेवारी १९८९ मध्ये त्यांनी कळवले, की उपलब्ध अभ्यासांवरून कोणताच ठाम निष्कर्ष काढता येत नाही. स्वतःचे लोक नाराज झाले, तरी ते आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. साक्ष स्वतःच्या विरुद्ध जात असली तरी न्यायाने द्या, ही सूरह निसामधील शिकवण आपण मुलांना शिकवतो. तिचे उदाहरण दुसऱ्या धर्माच्या माणसात दिसले, तर तेही मुलांना सांगायला हरकत नाही.