अल्प खर्चातील वाचन

पुस्तके महाग झाली, म्हणून वाचन सुटले, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. या तक्रारीत तथ्य आहे. घरभाडे, धान्य, औषधपाणी आणि मुलांचे शिक्षण यांचा खर्च भागविल्यावर पुस्तकांसाठी फारच थोडे उरते, आणि जे उरते तेही प्रथम क्रमिक पुस्तकांवर खर्च होते. तथापि पुस्तकाची किंमत आणि वाचनाचा खर्च या दोन भिन्न गोष्टी होत. धान्य खाल्ले की संपते. पुस्तक वाचल्याने संपत नाही. समजा, ३०० रुपयांचे एक पुस्तक ३० जणांनी वाचले, तर दर वाचकामागे १० रुपयेच खर्च येतो. तेच पुस्तक एका माणसाने वाचून फडताळात ठेवून दिले, तर त्या एका वाचनाचा खर्च ३०० रुपये होतो. यास्तव अल्प उत्पन्नाच्या वाचकाने पहिला विचार करावयाचा, तो हा खर्च इतरांसमवेत कसा वाटून घेता येईल याचा.

ग्रंथालय ही याच विचारातून निर्माण झालेली संस्था आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून आपल्या संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारले. तेथून पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव पाठविल्या जात. १९३१ साली मद्रास प्रांतातील मन्नारगुडी येथे बैलगाडीतून फिरते ग्रंथालय सुरू झाले. त्याच वर्षी एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत, हे त्यांतील पहिले सूत्र होय.

मद्रास प्रांताने १९४८ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि स्थानिक मालमत्ता करावर ग्रंथालय-उपकर बसविला. पुढे कर्नाटक, केरळ आदी राज्यांनीही अशी तरतूद केली. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात उपकर नाही; तेथे शासन मान्यताप्राप्त ग्रंथालयांना आपल्या निधीतून अनुदान देते. पद्धत कोणतीही असो, ग्रंथालयाच्या खर्चाचा काही वाटा नागरिकाने कररूपाने आधीच दिलेला असतो. ग्रंथालयात पाऊल न टाकणारा मनुष्य पैसे वाचवीत नाही. दिलेल्या पैशांचा मोबदला तेवढा सोडून देतो. वर्गणी आणि अनामत रक्कम भरावी लागली, तरी ती बहुधा एखाद्या नव्या पुस्तकाच्या किमतीहून कमीच असते. हवे ते पुस्तक संग्रहात नसेल, तर ग्रंथपालाकडे त्याची लेखी मागणी करावी. खरेदीची यादी ठरविताना अशा मागण्यांचा उपयोग होतो.

काही पुस्तके मात्र जवळच असावी लागतात. त्यांसाठी स्वल्पमूल्य आवृत्त्यांचा मार्ग आहे. अशी आवृत्ती स्वस्त का पडते, हे समजून घेणे उद्बोधक आहे. मजकुराची जुळणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ यांचा खर्च हजार प्रती काढा वा दहा हजार, जवळजवळ तेवढाच राहतो. प्रती वाढल्या की तो अधिक प्रतींवर विभागला जातो. याच हिशेबावर १९५८ साली सुरू झालेल्या हिंद पॉकेट बुक्सने हिंदी वाचकांना एक रुपयात पुस्तके दिली. १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टचाही वाजवी दरात पुस्तके पुरविणे हा एक हेतू आहे.

स्वामित्वहक्काची मुदत संपल्यानेही पुस्तके सुलभ होतात. भारतात ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे होती. १९९२ च्या दुरुस्तीने ती ६० वर्षे झाली. प्रेमचंद १९३६ साली निवर्तले, तर साने गुरुजी १९५० साली. दोघांच्याही हयातीत प्रसिद्ध झालेल्या मूळ कृती आता कोणासही छापता येतात. त्यामुळे एकाच पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या मिळतात. घेताना ती संक्षिप्त तर नाही ना, एवढे पाहावे. अनुवादकाचा हक्क मात्र स्वतंत्र असतो. रवींद्रनाथांच्या मूळ बंगाली ग्रंथांचा हक्क २००१ च्या अखेरीस संपला, म्हणून त्यांचे अलीकडचे अनुवाद मुक्त झाले असे होत नाही. मुक्त झालेले अनेक ग्रंथ संगणकावर वा भ्रमणध्वनीवर विनामूल्य वाचता येतात. २०१८ साली राष्ट्राला अर्पण झालेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय अशा शोधास उपयोगी पडते.

जुन्या पुस्तकांच्या बाजाराचे महत्त्वही कमी नाही. कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवर तो आजही भरलेला दिसतो. दिल्लीच्या दर्यागंजचा रविवारचा बाजार २०१९ साली पदपथावरून उठून महिला हाट येथे गेला. चेन्नईचा मूर मार्केट १९८५ च्या आगीत नष्ट झाला. जुने पुस्तक घेताना पृष्ठांक सलग आहेत का, हे प्रथम तपासावे. बांधणीत एखादा संपूर्ण फर्मा गळालेला असू शकतो. कादंबरी, चरित्र वा प्रवासवर्णन यांची जुनी प्रत निःशंकपणे घ्यावी. कायदा आणि वैद्यक या विषयांत मात्र जुनी आवृत्ती दिशाभूल करू शकते.

गाव दूर असले, तर टपालाचा आधार घेता येतो. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये ‘ज्ञान पोस्ट’ ही पुस्तकांसाठीची सेवा सुरू केली. तिचा प्रारंभीचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर, असा होता. एकेक पुस्तक मागविण्यापेक्षा चार शेजाऱ्यांनी मिळून एकच पार्सल मागविणे किती किफायतशीर ठरते, ते या दरांवरून सहज ध्यानात येईल. तीच पुस्तके त्या चार घरांत फिरली, तर प्रत्येक घरास एका पुस्तकाच्या खर्चात चार पुस्तके वाचावयास मिळतील.

शाळा-महाविद्यालय सुटल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत वाचनाची सवय बहुधा मोडते, आणि एकदा मोडलेली सवय पुन्हा लावणे कठीण जाते. म्हणून हातात पैसा येईपर्यंत वाचन पुढे ढकलू नये. ग्रंथालयाचे सभासदत्व, वर्षाकाठी निवडक दोन-तीन पुस्तकांची खरेदी आणि स्नेह्यांशी देवघेव, एवढ्या सामग्रीवर सामान्य मिळकतीचा मनुष्यही आयुष्यभर वाचू शकतो. त्याच्या नावावर ग्रंथालयात होणारी प्रत्येक नोंद ते ग्रंथालय चालू ठेवण्याच्या कामीही येते.