हीटरचा दिवा विझत नाही तेव्हा (लेखांक सहावा)

रविवारची सकाळ. फिशटँकचं पाणी बदलायला बादली आणि रबरी नळी काढून झालेली असते, आणि उपसा सुरू होतो न होतो तोच लाइट जाते. हीटरचं बटण चालूच राहिलं आहे, हे कोणाच्याच ध्यानात येत नाही. पाणी निम्म्यावर येतं, हीटरची काचनळी उघडी पडते. दहा मिनिटांनी लाइट परत येते. पाण्याबाहेरची ती काच बघता बघता चटका बसेल इतकी तापते. मग वरून गार पाण्याची बादली रिकामी होते आणि ‘तड्’ असा बारीक आवाज येतो.

ती चीर पुष्कळदा दिसतही नाही. तिच्यातून आत शिरलेलं पाणी मात्र थेट तापतारेला भिडतं आणि टाकीतल्या पाण्यात २३० व्होल्टचा वीजपुरवठा उतरतो. नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, बोअरच्या पाण्यात त्याहून जास्त, म्हणून त्यातून वीज वाहते. तरीही मासे बहुतेक वेळा नेहमीसारखे फिरत असतात. काच विजेला अडवते, त्यामुळे टाकीतून जमिनीकडे जायला विजेला वाटच नसते. ती वाट तयार होते माणसाने शेवाळ घासायला पाण्यात हात घातला की. हात, छाती, पाय आणि खालची ओली फरशी. मासे जिवंत आहेत म्हणजे पाण्यात वीज नाही, हा समज म्हणूनच जिवावर बेतणारा आहे.

दुसरा समज एमसीबीबद्दलचा. ‘घरात एमसीबी आहे, काही झालं तर पडेल’ असं सर्रास म्हटलं जातं. एमसीबी असतो वायर जळू नये म्हणून. सहा अँपिअरचा एमसीबी सहा अँपिअरच्या वर गेल्याशिवाय हलत नाही. माणसाला मात्र एक मिलिअँपिअरला मुंग्या येतात, दहा-पंधराला स्नायू असे आखडतात की धरलेली वस्तू सोडता येत नाही. प्रवाह तीसच्या पुढे गेला आणि टिकला, तर हृदयाचा ताल बिघडू शकतो. तीस मिलिअँपिअर म्हणजे सहा अँपिअरचा दोनशेवा भाग! एमसीबीला त्याची खबरही लागत नाही.

‘सोडता न येणारा प्रवाह’ किती, हे अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजलं. त्याच अभ्यासातून पुढे १९६१ मध्ये त्यांनी गळती ओळखून वीज तोडणारं उपकरण तयार केलं. आपल्याकडे याच कामासाठी आरसीसीबी मिळतो. जुने वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात. त्याचं काम हिशेबनिसासारखं. फेजमधून जेवढी वीज गेली तेवढी न्यूट्रलमधून परत आली का, एवढंच तो पाहतो. फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत जाताच क्षणार्धात वीज तोडतो. घेताना ३० चाच घ्यावा; १०० किंवा ३०० चे आरसीसीबी माणूस वाचवण्यासाठी नसतात. ज्या जुन्या वाड्यांत, चाळींत अर्थिंगच नाही तिथेही तो उपयोगी पडतो, कारण गळती माणसाच्या अंगातून झाली तरी हिशेबातली तूट त्याला कळते. एका हाताला फेज आणि दुसऱ्याला न्यूट्रल लागला तर मात्र तोही काही करू शकत नाही. म्हणून हात घालण्याआधी टाकीच्या सगळ्या पिना बोर्डातून काढायच्या, याला पर्याय नाही.

टेस्टरवर विसंबणंही चूक. पाण्यातला पंप धडधाकट असला तरी टेस्टरचा दिवा कधी कधी मिणमिणतो, आणि तो लागला नाही म्हणून पाणी सुरक्षित ठरत नाही. वायरीचं साधं पथ्य असं: बोर्डाकडे जाणाऱ्या प्रत्येक वायरला बोर्डाच्या खाली येईल असा झोळ द्यायचा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी तिथेच ठिबकतं. टाकीखाली जमिनीवर एक्स्टेंशन बोर्ड तर ठेवूच नये.

इतकं केल्यावर माणूस बराच सुरक्षित झाला. माशांचं काय? हीटरचा सर्वात घातक बिघाड आरसीसीबीला दिसतच नाही.

साध्या हीटरमध्ये दोन धातूंची जोडपट्टी असते. ती तापली की वाकते आणि संपर्क सुटतो. निवली की पुन्हा जुळतो. प्रत्येक वेळी बारीक ठिणगी उडते. वर्षानुवर्षं असं झालं की संपर्काचे ठिपके खडबडीत होतात आणि एके दिवशी एकमेकांना चिकटून बसतात. मग हीटरचा दिवा विझतच नाही. गळती नाही, जास्तीचा प्रवाह नाही, सगळी सुरक्षा साधनं गप्प. दोन फूट लांब आणि फूटभर रुंद-उंच टाकीत साधारण ५६ लिटर पाणी मावतं. तिच्यात ३०० वॉटचा हीटर अडकला तर सुरुवातीला दर तेरा-चौदा मिनिटांना एक अंश वाढतो; १०० वॉटच्या हीटरला त्याच अंशासाठी चाळीस मिनिटं लागतात आणि काचेतून निघून जाणारी उष्णता त्याला आणखी रोखते. शिवाय पाणी तापतं तसा त्यातला प्राणवायू घटतो. २५ अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम मावतो, ३५ अंशांना जेमतेम सात. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात ते यामुळे.

नामांकित कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. २०११ मध्ये अमेरिकेत मरीनलँड या ब्रँडचे सुमारे बारा लाख हीटर आगीच्या आणि काच फुटून जखम होण्याच्या धोक्यामुळे परत मागवले गेले होते.

त्यामुळे दुकानदार ‘मोठाच घ्या, लवकर तापेल’ म्हणाला तरी ऐकू नये. एका मोठ्यापेक्षा दोन लहान हीटर बरे. एक अडकला तरी टाकी उकळत नाही, एक बंद पडला तरी गारठत नाही. हीटरपासून लांब, समोरच्या काचेला वेगळा थर्मामीटर लावावा. शक्य असेल तर हीटरची वीज बाहेरच्या स्वतंत्र तापमान-नियंत्रकातून न्यावी, म्हणजे आतली पट्टी चिकटली तरी बाहेरचा रिले वीज तोडतो.

आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. खटका खाली पडला, फिल्टरची घरघर थांबली की उपकरण शाबूत आहे. पडला नाही तर त्याच दिवशी वायरमन बोलवायचा. टाकीसाठी वेगळा आरसीसीबी बसवला तर आणखी चांगलं. मग गीझरच्या गळतीपायी रात्री फिल्टर बंद पडत नाही.

पुढच्या आठवड्यात: लाइट सहा तास गेली, तर टाकीत प्राणवायू कसा टिकवायचा.