अम्मीकडे कधी, अब्बूंकडे कधी? कागदावर लिहून ठेवा

"टीचर, आज मला घ्यायला कोण येणार?" शाळा सुटताना मूल असं विचारतं, तेव्हा घरचं भांडण वर्गापर्यंत आलंय हे कळतं.

हनफी फिक्हप्रमाणे मुलगा ७ वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत सांभाळायचा हक्क आईचा. याला हिजानत म्हणतात. पण म्हणून बापाची भेट बंद होत नाही. १८९० चा पालक व पाल्य कायदाही मुलाचं हित बघतो. २०२० मध्ये यशिता साहू खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की ज्याच्याकडे ताबा नाही त्या पालकाला मुलाशी रोज ५-१० मिनिटं बोलता यायला हवं.

म्हणून दोघांनी बसून लिहून काढा: भेटीचा वार, वेळ, नेणार कोण, सोडणार कोण, फोन किती वाजता. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी अर्धी-अर्धी. रमजान ईद एका घरी, तर बकरी ईद दुसऱ्या घरी. पुढच्या वर्षी अदलाबदल. तिथे तारीख लिहू नका, 'ईदचा दिवस' असंच लिहा. चांदच्या हिशेबाने ईद दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येते.

केस चालू असेल तर हा कागद शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात दोघांच्या संमतीने देता येतो. तिथे समुपदेशकही असतात. कोर्टाने मान्य केलं की तो दोघांना पाळावा लागतो.

आणि खर्चाचे पैसे आले नाहीत म्हणून भेट अडवू नका. तो वाद मोठ्यांचा. सजा मुलाला कशाला?